पाचवीचं मीठ

“जोम्या, बेस्तरवारी दुपारला जरा पाठ फिरवून उभा ऱ्हा,” बामाआत्या म्हणाली आणि हातातलं लाकडी फावडं ओढत राहिली.

ती मिठागराच्या वाफ्यात घोटाभर खाऱ्या पाण्यात उभी होती आणि मी तिच्या वर, बांधावर. अंगात खाकी कोट, कमरेला पट्टा, पट्ट्यावर मीठ खात्याचा पितळी बिल्ला. तो बिल्ला मी रोज सकाळी राखेनं घासायचो. जोमा घरत आधी बिल्ला धुतो आणि मग तोंड, असं वाडीतले लोक म्हणायचे. खरंच होतं ते.

“कशाला पाठ फिरवू?” मला ठाऊक असूनही मी विचारलं.

“कशाला म्हंजे? काशीच्या पोरीची पाचवी हाय. मीठ नको?”

आमच्या वाडीत मूल पाच दिवसांचं झालं की दिवस मावळायच्या आत त्याच्या उशाला मूठभर नवं मीठ ठेवत. रात्री सटवाई कपाळावर लिहायला येते, तिला कळायला हवं की हे लेकरू मीठ पिकवणाऱ्यांच्या घरचं आहे. पण त्या मिठाचा एक नेम होता. विकतचं चालत नाही, मागून आणलेलं चालत नाही, कुणी दिलेलं तर मुळीच नाही. घरच्या माणसानं वाफ्यात वाकून आपल्या हातानं उचललेलंच हवं.

आणि सरकारचाही एक नेम होता. वाफ्यात मीठ धरलं की ते खात्याच्या ताब्यात गेलं. तोलून, कर भरून, दाखला फाटल्याशिवाय त्यातली चिमूटसुद्धा बांधाबाहेर जाता कामा नये. गेली तर ती चोरी. ती होऊ नये म्हणून मला पगार होता.

माझ्या आधी चौकीवर उस्मानचाचा होते. त्यांनी हे दोन्ही नेम तीस वर्षं सांभाळले. पाचवीच्या दिवशी ते खाडीकडे तोंड करून विडी पेटवायचे आणि ती संपेपर्यंत समोरच्या होड्या बघत बसायचे. विडी संपली की वळायचे. तोवर जिला यायचं ती येऊन गेलेली असायची. कुणी कुणाला काही बोलायचं नाही.

पण मी उस्मानचाचा नव्हतो. मी मराठी चौथी पास होतो, वाडीतला पहिला. आणि मला डोळेझाक करायची शरम वाटत होती.

“आते, चोरून कशाला? मी रीतसर परवानगी काढतो.”

फावडं थांबलं. “कोनाची परवानगी?”

“साहेबांची. उद्या येणार आहेत चौकीवर. विटकम साहेब फार भला माणूस आहे. नाही म्हणायचे नाहीत.”

“इचारू नको,” ती म्हणाली.

“अगं पण...”

“जोम्या, तुना येवढाच सांगतंय. पाठ फिरव. इचारू नको.”

माझी आई मी दोन वर्षांचा असताना गेली. बामाआत्यानं मला वाढवलं. तिच्या पायांना बारमाही भेगा असत, त्यांत मीठ जाऊन जाऊन त्या कातडीला काही लागेनासं झालं होतं. त्याच पायांनी ती मला कडेवर घेऊन तीन मैलांवरच्या शाळेत सोडून यायची, ओहोटी असली तर चिखलातून. तिच्या सुनेची, काशीची, आधीची दोन लेकरं पाचवीच्या आतच गेली होती. त्यांच्या उशाला मीठ ठेवायची वेळच आली नाही. ही तिसरी, रविवारी जन्मली होती; बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, तिची पाचवी. आत्या कामावर येताना आणि कामावरून जाताना आधी तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. त्या मुठीवर तिचा सगळा जीव अडकला होता, हे मला कळत होतं. म्हणून तर मला ते चोरीचं नको होतं.

मंगळवारी साहेब आले. विटकम साहेब आमच्या खात्याचे इंग्रज अधिकारी; त्यांच्याबद्दल आजही मी वाईट बोलणार नाही. तापाच्या साथीत त्यांनी स्वतः वाडीत फिरून कडू गोळ्या वाटल्या होत्या. मराठी शिकले होते, पुस्तकातली का होईना. कुणावर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही.

चौकीचे कारकून दिघे माझं म्हणणं ऐकून आधी दाराकडे बघून आले.

“अरे जोमा, हे वर कशाला नेतोस? आजवर चाललंय तसं चालू दे की.”

“चोरून चाललंय, रावसाहेब.”

“चालतंय ना? एकदा वर गेलं की त्याचा कागद होतो. मग ते आपल्या हातात राहत नाही.” त्यांनी टाक खाली ठेवला. “तरुण आहेस. जा, विचार.”

मी विचारलं. साहेबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, मध्ये दोन प्रश्न विचारले, आपल्या वहीत काहीतरी टिपून घेतलं.

“फार सुंदर रिवाज आहे,” ते म्हणाले. “किती मीठ लागते?”

“एक मूठ, साहेब.”

“तिने नेणे नियमात बसत नाही. परंतु मार्ग आहे. तिच्याच वाफ्यातले मीठ घ्या. दिघे, तोलून दाखला करा. कर मी भरतो.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “गुरुवारी मी स्वतः घेऊन येईन. तुझ्या आत्याला माझी भेट.”

मी सलाम ठोकला तेव्हा माझी छाती फुगली होती. ज्या गोष्टीसाठी वाडी तीस वर्षं विडीच्या आडून चोरटी वावरत होती, ती मी एका अर्जात सरळ करून दाखवली होती. दिघ्यांनी मीठ तोललं, दाखला फाडला, मान खाली घालूनच.

आत्याला मी सांगितलं की मीठ घरी येईल, तुला काही करायला नको. कोण आणणार ते मात्र सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं मला.

“घरी येल म्हंजे?” तिनं विचारलं.

“बघच तू.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि परत कामाला लागली.

गुरुवारी उन्हं कलली तेव्हा साहेब घोड्यावरून वाडीत आले. मागे दिघे, पुढे मी. साहेबांनी मीठ साध्या पुडीत आणलं नव्हतं. निळ्या फुलांचा चिनी मातीचा वाडगा होता, बहुधा त्यांच्या घरचा, वर पांढरा रुमाल. वाडीतले सगळे दारं सोडून बाहेर आले. काशी आतल्या अंधारात पोरीला घेऊन बसली होती. आत्या हात पुसत उंबऱ्यात आली.

साहेबांनी टोपी काढली. खरंच काढली. मग वाडगा दोन्ही हातांनी पुढे धरला.

“बाई, तुमच्या नातीसाठी हे मीठ. तिला दीर्घायुष्य लाभो.”

आत्यानं वाडगा घेतला नाही. रुमालाचं टोक उचलून आत पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

“कनचा मीठ हाय यो?”

“तुझ्याच वाफ्यातलं, आते. दाखला आहे. आता कुणी चोरी म्हणणार नाही.”

“माजे वाफ्यातला?”

“हो.”

“मी वडलेला?”

“हो, आते. तूच ओढलेलं.”

मग अगदी हळू, रागावून नव्हे, आपल्याला न समजलेलं समजून घ्यावं तसं तिनं विचारलं, “मग त्यो यो मना कसा देतो?”

चौथीपर्यंतच्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी साहेबांकडे पाहिलं. ते हसत होते, त्यांना बोली कळली नव्हती.

“काय म्हणते ती?”

“ती म्हणते...” मी अडखळलो. “ती म्हणते, दिलेलं मीठ पाचवीला चालत नाही.”

“परंतु ही तर भेट आहे.”

“तेच, साहेब. भेट चालत नाही.”

तेवढं त्यांना कळलं. हसू राहिलं, पण आता ते नुसतं तोंडावर होतं. आत्यानं तो वाडगा त्यांच्या हातातून घेतला, नीट, सांडू न देता, आणि वाफ्यांच्या वाटेला लागली. सगळी वाडी तिच्यामागून निघाली. साहेबही निघाले. मीही. दिघे माझ्या कानाशी पुटपुटले, “सांगितलं होतं मी.”

आपल्या वाफ्याशी येऊन ती पाण्यात उतरली. वाडगा उपडा केला. मीठ पाण्यात पडलं आणि तळच्या मिठात मिसळून गेलं. कोणतं दिलेलं आणि कोणतं नाही, ते ओळखू येईना. मग तिनं वाडगा धुतला, पदरानं पुसला आणि बांधावर साहेबांच्या पायाशी ठेवला.

“सायेब, तुमी बरं मानूस हाव. तुमचे गोलीनं माजा पोर तापातून उठला. त्यो उपकार मी इसरनार नाय. पन यो मीठ तुमचा नाय. जो तुमचा नाय, त्यो तुमी मना देव नका.”

“बेअदबी आहे ही,” दिघे म्हणाले. मला वाटतं ते तिला वाचवायला म्हणाले, साहेबांनी बोलायच्या आत कुणीतरी रागावून मोकळं व्हावं म्हणून.

साहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी हात वर केला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “असू द्या. ती अडाणी आहे. मी तिला क्षमा करतो.”

वाडीतले लोक सुटकेचा श्वास टाकत होते, दोघे तर हात जोडायला पुढे झाले. आणि मी उभा राहून विचार करत होतो की हिनं केलं काय? क्षमा कशाची? ज्या बाईनं चाळीस वर्षं हा वाफा तुडवला, तिला तिच्याच वाफ्यात उभी करून हा भला माणूस क्षमा करत होता, आणि ती करण्याचा हक्क त्याला कुठून आला हे तिथं कुणीच विचारत नव्हतं. सर्वांत आधी मीच विचारायला हवं होतं. मीच तर त्याला दारात आणला होता.

आत्याला ‘क्षमा’ हा शब्द कळला की नाही, कोण जाणे. तिनं सूर्याकडे पाहिलं. तो खाडीपलीकडच्या डोंगराला टेकायला आला होता. मग तिनं पदर खोचला.

“बाई, नाही,” साहेब म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थोडी धास्ती होती. “पाहा, मी तुम्हांला दुसरे मीठ देतो. पण हे उचलाल तर मला गुन्हा नोंदवावा लागेल. कृपा करून ऐका.”

आत्या त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. सोमवारी जे बोलायचं ते बोलून झालं होतं तिचं.

“शिपाई,” साहेब म्हणाले, “थांबव तिला.”

बांधावरून खाली उतरायला मला दोन पावलं लागली असती. तिचं मनगट माझ्या मुठीत सहज मावलं असतं, इतकं वाळलेलं होतं ते. मला माझा पगार आठवला, बिल्ला आठवला, पट्टा मिळाला त्या दिवशी याच आत्यानं वाडीभर वाटलेले तांदळाचे लाडू आठवले.

मी पाठ फिरवली.

खाडीकडे तोंड करून उभा राहिलो. उस्मानचाचांसारखी विडी नव्हती माझ्याजवळ, आणि आडोसाही नव्हता. साहेब, कारकून, सगळी वाडी बघत होती. समोर दोन होड्या शीड उतरवत होत्या. मी त्या मोजल्या. मागे पाण्याचा आवाज झाला, कुणी वाकलं की होतो तेवढाच.

“शिपाई!”

“जी, साहेब,” मी वळलो नाही. पट्ट्याची कडी उघडली. पट्टा काढून बिल्ल्यासकट बांधावर ठेवला.

“तू काय करतो आहेस, तुला समजते काय?”

“समजतं, साहेब. आज समजलं.”

त्यांच्या पावलांचा आवाज माझ्यापर्यंत आला आणि थांबला. ते माझ्या अगदी जवळ उभे होते. “मी तर तुमचे भलेच केले,” ते हळू आवाजात म्हणाले. त्या माणसाचं मन दुखावलं होतं, आणि मला खरंच त्याचं वाईट वाटलं.

“होय साहेब. आपण भलं केलंत. पण ते करायचं की नाही, हे आपल्या मनावर होतं, आमच्या नाही.”

मी वळलो तेव्हा आत्या वाडीच्या वाटेनं चालली होती. मूठ छातीशी घट्ट धरलेली. लोक बाजूला होत होते, कालपर्यंत साहेबाच्या घोड्याला जशी वाट देत तशी. ती पळत नव्हती. त्या वाटेनं गेली तीस वर्षं ते मीठ पळत, पदराखाली लपवून गेलं होतं. त्या दिवशी ते सगळ्यांसमोरून चालत गेलं.

दिवस मावळायच्या आत मीठ पोरीच्या उशाला लागलं.

आठवड्यानं मला कागद मिळाला. बडतर्फी. ती मला चालली असती, पण खाली साहेबांनी आपल्या हातानं लिहिलं होतं की वृद्ध स्त्रीच्या अज्ञानाकडे पाहून खटला भरण्यात येत नाही, ही केवळ दया आहे. मी तो कागद आत्याला वाचून दाखवला. तिनं ‘दया’पर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “चुलीत घाल.” मी घातला. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या शेजारच्या वाफ्यात फावडं ओढायला लागलो.

पुढच्याच वर्षी देशभर मिठाची चळवळ उठली. आमच्या तालुक्यातही माणसं खाडीवर जाऊन मीठ उचलू लागली. पहिल्या तुकडीत मी होतो. सहा महिने सक्तमजुरी झाली. मग बेचाळीस साली पुन्हा आत गेलो, दोन वर्षं. ते सगळं इतरांनी लिहून ठेवलेलं आहे.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा शाळेचे वैद्य मास्तर माझा अर्ज भरायला घरी आले. सन्मानाचा कसला तरी अर्ज होता. नाव, गाव, शिक्षा कुठे भोगली, सगळं लिहून झालं.

“काका, इथं विचारलंय, चळवळीत का पडलात? दोन ओळी आहेत. काय लिहू? इंग्रजांचे अत्याचार?”

“नको. माझ्यावर कुणी अत्याचार केला नाही.”

“मग?”

“लिहा, आमचे साहेब फार चांगले होते.”

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हातारा बरळतोय असं त्यांना वाटलं असावं. “काका, चांगले होते तर मग लढलात कशाला?”

तेवढ्यात चांगुणा चहा घेऊन आली. तीच ती पाचवीची पोर. आता त्रेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, माहेरपणाला आली होती. आत्या जाऊन वीस वर्षं झाली होती, पण उभं राहण्याची ढब हुबेहूब तिची.

“मास्तर,” ती म्हणाली, “वाईट सायेब असता तं दुसरा चांगला मागितला असता.”

मास्तरांनी टाक उचलला, मग पुन्हा ठेवला. दोन ओळींत ते मावेना. शेवटी तो रकाना कोराच गेला, आणि मी खाली सही केली.